बिनमास्तराच्या स्टेशनावर उतरताना

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही फोनवर विचारलंत की इथे जपानातल्या शिमोनादा स्टेशनात एकही माणूस नाही, तर तिकीट कोण देतं, कोण तपासतं आणि गाडीला लाइन क्लिअर, म्हणजे पुढचा रूळ मोकळा असल्याची परवानगी, कोण देतं? फोनवर तुटक-तुटक सांगण्यापेक्षा सगळं लिहूनच पाठवते आहे. एप्रिलमधल्या त्या बुधवारी मला रजा नाही, म्हणजे शिकोकू बेटावरचा मात्सुयामा ते शिमोनादा हा प्रवास तुम्ही दोघंच करणार. अंतर जेमतेम सव्वीस किलोमीटर, प्रवास तासाभराचा. अवघड काहीच नाही, पण तिथली पद्धत आधी ठाऊक नसली तर ऐन उतरताना तारांबळ उडते.

मुद्दा एवढाच आहे की स्टेशनातला माणूस गेला तरी त्याचं काम गेलेलं नाही. ते वाटून टाकलं आहे. सिग्नल आणि गाडीचा रूळ बदलणारे पॉइंट दूरच्या नियंत्रण कक्षाकडे गेले, दारं आणि तिकिटं गाडीच्या ड्रायव्हरकडे गेली, आणि उरलेलं प्रवाशाच्या गळ्यात पडलं. तुम्हाला शिकायचं आहे ते हे उरलेलं.

तुमच्या पिढीतल्या रेल्वेवाल्यांना लाइन क्लिअरची खूण असलेला बॉल टोकनचा गोळा हातात आल्याशिवाय गाडी सोडायची नाही ही शिस्त पाठ आहे. जपानच्या एकेरी मार्गांवरही तसंच होतं, मोठ्या कडीतून टोकन द्यायचे-घ्यायचे. त्यासाठी समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडतात अशा प्रत्येक क्रॉसिंग स्टेशनात माणूस लागायचाच. पुढे सिग्नल आणि पॉइंट तारेवरून लांबून चालवण्याची व्यवस्था आली. 1964 ला तोकाइदो शिनकान्सेन पहिल्या दिवसापासून अशीच चालली, आणि हळूहळू ती खेड्यातल्या मार्गांवरही पोचली. दुसरीकडे छोट्या स्टेशनांतला माल संपला. 1984 च्या फेब्रुवारीत जपानी सरकारी रेल्वेने यार्डात वाघिणी जोडत-तोडत माल नेण्याची जुनी पद्धतच बंद केली. टोकन नाही, माल नाही, मग मास्तर फक्त तिकिटं फाडायला ठेवायचा का, असा हिशेब झाला. 1987 ला सरकारी रेल्वेच्या कंपन्या झाल्यावर तर तो आणखी काटेकोर झाला. मार्च 2020 अखेर देशातल्या 9,465 स्टेशनांपैकी 4,564 स्टेशनं बिनकर्मचाऱ्यांची होती, म्हणजे जवळजवळ निम्मी. शिकोकू बेटावर तर दहातली आठ तशीच आहेत.

मधला एक प्रकारही आहे, तो तुम्हाला लगेच कळेल. काही स्टेशनांत रेल्वेचा माणूस नसतो, पण शेजारचा दुकानदार किंवा गावातलं कुणी ठरावीक मोबदल्यावर तिकिटं विकतं. आपल्याकडे हॉल्ट एजंट कमिशनवर विकतो तसंच. शिमोनादात तेही नाही.

आता शिमोनादाबद्दल. इयो शहराच्या हद्दीतलं हे स्टेशन 1935 च्या जूनमध्ये सुरू झालं. एक फलाट, एक रूळ, फलाटावर दोन बाकं मावतील एवढं छप्पर. रुळाच्या पलीकडे खाली 378 क्रमांकाचा रस्ता आणि लगेच इयो-नादाचा समुद्र. हा रस्ता भराव टाकून व्हायच्या आधी तर जपानातलं समुद्राला सगळ्यांत जवळचं स्टेशन म्हणून त्याची ख्याती होती. 1986 च्या मार्चमध्ये उचिको गावावरून जाणारा नवा, सरळ मार्ग सुरू झाला. जलद गाड्या सगळ्या तिकडे वळल्या आणि किनाऱ्याच्या जुन्या वाटेवर फक्त लोकल उरल्या. हा मार्ग ओस पडू नये म्हणून गावकऱ्यांनी त्याच सुमारास सूर्यास्ताच्या वेळी फलाटावरच मैफल भरवायला सुरुवात केली. पुढे सुट्टीतल्या स्वस्त प्रवासाच्या ‘सेइशुन 18’ तिकिटाच्या जाहिरातीत हे स्टेशन झळकलं आणि गर्दी सुरू झाली. गंमत म्हणजे आता लोक येतात ते बहुतेक मोटारीने. गाडी लावायला जागा नाही म्हणून रस्त्यात कोंडी, आणि फलाटावर उभी असलेली माणसं रेल्वेत चढतच नाहीत!

या दोन मार्गांमुळेच पहिली चूक मात्सुयामातच होते. मुकाइबारा स्टेशनानंतर फाटा फुटतो. तुम्हाला ‘इयो-नागाहामा मार्गे’ जाणारी लोकल हवी. ‘उचिको मार्गे’ जाणारी लोकलसुद्धा तशीच दिसते, त्याच दिशेला जाते आणि तिच्यावरही पुढच्या त्याच मोठ्या गावाचं नाव असू शकतं. ‘उवाकाइ’ नावाची जलद गाडी तर नेहमीच उचिकोवरून जाते. म्हणून शेवटच्या स्टेशनाचं नाव बघून चढू नका, मार्ग बघा. दोन्ही नावं जपानी अक्षरांत मोठी लिहून एका कार्डावर देते. फलाटावरच्या कुणालाही ते दाखवून गाडीकडे बोट करायचं, माणूस मान डोलवेल किंवा हात हलवेल.

मात्सुयामाचं स्टेशन 2024 च्या सप्टेंबरपासून उंचावर गेलं आहे. फलाटापर्यंत लिफ्ट आहे, त्यामुळे तिथे आईच्या गुडघ्यांची काळजी नाही. तिकीट यंत्रातून कागदी काढायचं, पडद्यावर इंग्रजीचं बटण आहे. बरोबर शिमोनादापर्यंतचंच काढा. शंभर किलोमीटरच्या आतलं तिकीट त्याच दिवसापुरतं चालतं आणि मध्ये कुठे बाहेर पडलात की पुढचं अंतर बुडालं. तोक्योत फाटकावर टेकवून भाडं भरायला वापराल ते सुइका कार्ड या मार्गावर चालत नाही. ते बॅगेतच राहू दे. एका ठिकाणी कार्ड टेकवून आत शिरायचं आणि कार्ड वाचणारं यंत्रच नसलेल्या स्टेशनात उतरायचं, हा परदेशी पाहुण्यांचा नेहमीचा घोळ आहे. मग पैसे रोख भरावे लागतात, ड्रायव्हर चिठ्ठी देतो आणि ती चिठ्ठी मोठ्या स्टेशनात दाखवून कार्डावरची अर्धवट नोंद पुसून घ्यावी लागते. तोपर्यंत ते कार्ड दुसऱ्या कुठल्याच फाटकात चालत नाही.

आणि आई, फलाटावर जायच्या आधी बाथरूमला जाऊन या. या मार्गावर किहा 32 आणि किहा 54 जातीचे डिझेल डबे येतात, त्यांत संडास नाही. किहा 47 आला तर असतो, पण कुठला येईल ते आपल्या हातात नाही. पाण्याची बाटलीही इथूनच भरून घ्या.

गाडी म्हणजे एक डबा, फार तर दोन. गार्ड नाही, टीसी नाही, ड्रायव्हर एकटा. आपल्या एसटीच्या विनावाहक गाडीसारखंच, फक्त तिथे तिकीट स्टँडवर आधीच फाडलेलं असतं आणि इथे पैशांचा व्यवहार उतरताना होतो. बाबा, तुम्ही पुढे बसलात तर ड्रायव्हरकडे बघा. प्रत्येक सिग्नलकडे पांढऱ्या हातमोज्याचं बोट रोखून तो मोठ्याने उच्चार करतो. शेजारी ऐकायला कुणी नसतं, तरीही करतो. आळसाने नजर चुकू नये म्हणून ही सवय लावलेली असते. मला विचाराल तर आरशात बघून दारं बंद करणं, तिकिटं तपासणं, सुटे पैसे बघणं आणि वर गाडी वेळेत नेणं, एवढं सगळं एकट्याच्या डोक्यावर टाकणं फार होतं.

बसायचं पुढच्या डब्यात. दोन डबे असतील तर बिनमास्तराच्या स्टेशनात मागच्या डब्याची दारं उघडतच नाहीत. पहिल्या डब्याच्या मागच्या दाराने चढायचं आणि पुढच्या, म्हणजे ड्रायव्हरजवळच्या दाराने उतरायचं. मात्सुयामासारख्या मोठ्या स्टेशनात मात्र सगळी दारं उघडतात, म्हणूनच माणसं निवांत मागे बसतात आणि नंतर धावपळ करतात. जाताना समुद्र उजव्या हाताला येतो. पण तो मुकाइबाराच्या पुढे, त्याआधी घरं आणि शेतंच. मध्ये एखाद्या स्टेशनात गाडी बराच वेळ थांबली तर घाबरू नका, समोरून येणाऱ्या गाडीचं क्रॉसिंग असतं.

मागच्या दारात एक छोटं यंत्र असतं, त्यातून अंक छापलेली चिठ्ठी बाहेर येते. तुम्ही कुठे चढलात त्याचा तो पुरावा. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक फलक असतो, त्यावर प्रत्येक अंकाखाली त्या घडीचं भाडं दिसतं आणि स्टेशन मागे पडेल तसं वाढत जातं. जाताना हातात तिकीट असल्यामुळे तुम्हाला या चिठ्ठीची गरज नाही, येताना मात्र हमखास आहे. चिठ्ठी घेतली नाही किंवा हरवली, तर गाडी जिथून सुटली तिथपासूनचं भाडं मागितलं जाऊ शकतं.

पैशांचं नीट वाचा. ड्रायव्हरजवळ काचेची पेटी असते. तिला दोन तोंडं. एक भाडं टाकायचं, दुसरं सुटे करून घ्यायचं. भाड्याच्या तोंडात जास्त टाकलंत तर बहुतेक पेट्या उरलेले परत देत नाहीत. म्हणून आधी सुटे करायचे, मग मोजून बरोबर रक्कम चिठ्ठीसकट टाकायची. सुटे करायच्या तोंडात हजाराची नोट आणि 500, 100, 50 येनची नाणी चालतात. दोन, पाच आणि दहा हजारांची नोट चालत नाही, आणि एटीएममधून हटकून दहा हजारांचीच निघते. तिचे सुटे आदल्या दिवशी दुकानातून करून ठेवायचे. आणखी एक भानगड अशी की 2021 च्या नोव्हेंबरात 500 चं नाणं बदललं आणि 2024 च्या जुलैत नोटा बदलल्या. जुनी यंत्रं अजूनही कधी कधी नवं चलन बाहेर फेकतात. (हजाराच्या नव्या नोटेवर जंतुशास्त्रज्ञ कितासातो शिबासाबुरो आहेत. 1894 मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू सापडला तेव्हा यर्सां या शास्त्रज्ञाबरोबर त्यांचंही नाव घेतलं गेलं. दोनच वर्षांनी तो प्लेग मुंबईत उतरला. बाबांना हे आवडेल म्हणून सांगितलं.) एका पाकिटात हजाराच्या पाच नोटा, शंभराची वीस, पन्नासाची चार आणि दहाची वीस नाणी भरून देते. भाडं दहाच्या पटीतच असतं, एक-पाचची चिल्लर वर काढूच नका.

इयो-कामिनादा स्टेशन गेलं की पुढचं तुमचं. थांबा मागायला घंटा वगैरे नाही, लोकल थांबतेच. गाडी उभी राहिल्यावरच उठा. दोघांची तिकिटं आईने नव्हे, बाबांनी हातात धरायची, कारण आईला दांडी धरायला दोन्ही हात मोकळे हवेत. तिकिटं ड्रायव्हरला दाखवून पेटीत टाकायची. तुम्ही उतरेपर्यंत तो गाडी हलवत नाही, मागचे लोकही घाई करत नाहीत. जुन्या मार्गांवरचे फलाट वाफेच्या इंजिनाच्या काळातले, बुटके असतात. तेव्हाच्या डब्यांसाठी 760 मिलिमीटर ही उंची ठरलेली होती आणि डिझेल डब्याचा तळ त्याहून बराच वर येतो. म्हणून दारात पायरी असते. आईने आधी दुखरा पाय खाली टाकायचा, मग चांगला. चढताना उलटं.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण जपानची नुसती वाहवा ऐकून तुम्ही येणार. चाकांच्या खुर्चीवरून फिरणाऱ्या माणसाला अशा स्टेशनात एकट्याने उतरता येत नाही. आधी कळवावं लागतं, मग मोठ्या स्टेशनातून कुणीतरी उताराची फळी घेऊन येतं. मनात आलं आणि निघालो, हे त्यांच्या नशिबी नाही. क्यूशू बेटावरच्या ओइतातल्या अपंग प्रवाशांनी याच कारणावरून 2020 मध्ये क्यूशूच्या रेल्वे कंपनीविरुद्ध कोर्टात दावा लावला आणि 2022 मध्ये सरकारने अशा स्टेशनांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आईला चालता येतंय तोवर हा प्रश्न आपला नाही, पण प्रश्न आहे.

स्टेशनात पोचल्यावर आधी परतीची वेळ बघा. तक्त्यात डावीकडे तास आणि त्यापुढे मिनिटं असतात. मात्सुयामाकडे आणि नागाहामाकडे जाणाऱ्यांचे तक्ते वेगळे. दुपारी दोन गाड्यांमध्ये कधी कधी दोन-तीन तासांचं अंतर पडतं, त्यामुळे एक चुकली तर बसून राहणं आलं. जेवण सोबत न्या. कचरापेटी मिळेल असं धरून चालू नका, कचरा पिशवीत घालून परत आणायचा. फोटोसाठी रुळावर उतरू नका, समोर चार तरुण उतरलेले दिसले तरीही. ड्रायव्हरने ब्रेक मारला की ती गाडी अडते आणि एकेरी मार्ग असल्यामुळे समोरून येणारीही खोळंबते. जोराचा भूकंप झाला तर फोटो, पिशव्या सोडून डोंगराच्या बाजूला चढायचं, समुद्र बघत थांबायचं नाही.

जोरदार पाऊस किंवा वारा असेल त्या दिवशी जाऊच नका. पाऊस ठरावीक आकड्यावर गेला की किनाऱ्याच्या मार्गावर गाड्या थांबवतात, आणि तिथे येऊन सांगायला कुणी नसतं. निघण्यापूर्वी मी कंपनीच्या संकेतस्थळावर बघून तुम्हाला फोन करेन.

परतताना तिकीट नसतं. मागच्या दाराने चढायचं, दोघांनी दोन चिठ्ठ्या घ्यायच्या, आणि मात्सुयामाला माणूस असल्यामुळे गाडीत पैसे न भरता फाटकाजवळच्या कर्मचाऱ्याला चिठ्ठ्या देऊन भरायचे. तिथे दहा हजारांची नोटही चालते.

बाबा, तुम्ही फॅमिली ग्रुपवर टाकलेला तो फॉरवर्डही याच विषयातला. एका शाळकरी मुलीसाठी रेल्वेने होक्काइदो बेटावरचं स्टेशन चालू ठेवलं आणि तिची शाळा संपली त्या दिवशी बंद केलं, असा. 2016 च्या जानेवारीत तो जगभर फिरला. त्यात काही खरं आहे, बरंच पदरचं आहे. बातम्यांत नाव आलं कामि-शिराताकी स्टेशनाचं, मुलगी चढायची ती क्यू-शिराताकीला. तिथून शाळेकडे जाणारी दिवसाला एकच गाडी होती, पण परत येणाऱ्या तीन होत्या. प्रवासी नाहीत म्हणून ही स्टेशनं बंद करायचं कंपनीने 2015 मध्येच ठरवलं होतं, आणि शिमो-शिराताकी धरून तिन्ही एकाच दिवशी, 26 मार्च 2016 ला बंद झाली. जपानात शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं आणि रेल्वेचं नवं वेळापत्रकही मार्चमध्येच लागू होतं. दोन तारखा जवळ आल्या आणि गोष्ट तयार झाली. खरं तर उलटंच जास्त घडतं. रेल्वेला परवडत नाही म्हणून गावालाच खर्च उचलावा लागतो. होक्काइदोतलं कोबोरो स्टेशन, जिथे जायला मोटारीचा रस्तासुद्धा नाही, ते तोयोउरा नावाच्या गावाच्या पैशांवर तग धरून आहे.

मार्चमधल्या त्या बदलामुळेच गाड्यांच्या वेळा आत्ता लिहून पाठवत नाही. नवं वेळापत्रक लागलं की फोटो काढून पाठवते. तुम्ही विमानाची तारीख पक्की करा आणि आईचा गुडघ्याचा पट्टा हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

तुमची,
मनू

ता. क. – रेल्वे पास काढून आलात तर तिकिटाचा प्रश्नच नाही, उतरताना ड्रायव्हरला पास दाखवला की झालं. ‘सेइशुन 18’ मात्र दोघांत एक घेऊ नका. 2024 च्या हिवाळ्यापासून ते एकाच माणसाने सलग तीन किंवा पाच दिवस वापरायचं झालं आहे. पूर्वीसारखं वाटून घेता येत नाही.